दप्तर घरचें, स्मृति गांवाची

भाद्रपदाचा कृष्णपक्ष आला म्हणजे आपल्या घरोघरीं एक गोष्ट न चुकतां घडते. तर्पण करणारा हातांत दर्भ घेऊन बाप, आजा आणि पणजा या तीन पुरुषांचीं नांवें गोत्रासह उच्चारतो. मागोमाग आई, आजी आणि पणजी यांचीं. इतकीं नांवें मुखोद्गत असलीं म्हणजे शास्त्राचें समाधान होतें. परंतु पणज्याच्या बापाचें नांव काय, असें त्याच वेळीं घरांतील एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर बहुतेक घरीं उत्तर मिळत नाहीं. काका माजघराकडे पाहतात, आणि तेथून एखाद्या वृद्ध आत्याबाई ‘दप्तरांत असेल बघा’ असें सांगून मोकळ्या होतात. हें दप्तर म्हणजे काय, तें खरोखर कोणाचें, आणि आज तें कोणत्या अवस्थेंत आहे, याचा विचार या महिन्याच्या सदरांत आम्ही करणार आहों.

विषय केवळ उपदेशाचा होऊं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवूं. तें म्हणजे गारखेडा. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी येथें शहर वसविलें; त्याच्या मुलानें त्यास फतेहनगर म्हटलें; औरंगजेब दक्षिणच्या सुभ्यावर दुसऱ्यांदा आल्यानंतर, इ. स. १६५३ मध्यें, त्याचें औरंगाबाद झालें, आणि इ. स. २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर आहे. शहराच्या नांवाचे हे पालट इतिहासाच्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडतात. परंतु ज्या भोंवतालच्या खेड्यांनीं त्या शहरास धान्य, भाजीपाला, दूधदुभतें आणि मनुष्यबळ पुरविलें, त्यांची हकीकत कोणीं लिहून ठेविली? गारखेडा अशा खेड्यांपैकीं एक. आज तिकडे जाणारा मनुष्य सूतगिरणी चौक, गजानन महाराजांचें मंदिर, विभागीय क्रीडासंकुल अशा खुणा सांगून वाट विचारतो. इ. स. १९८२ मध्यें शहराची महानगरपालिका झाली, नगरामागून नगर वसत गेलें, आणि जुनें गांवठाण वसाहतींच्या मधोमध येऊन पडलें. आमच्या जुन्या भाषेंत गांवाचे दोन भाग: काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. काळीवर इमारती उठल्या, आणि पांढरी कोठें संपते हें आतां नव्या रहिवाशास सांगूनहि कळावयाचें नाहीं.

अशा वेळीं गांवाची स्मृति जमिनींत राहत नाहीं. बांध मोडले, विहिरी बुजल्या, पाणंदींचे रस्ते झाले. ती राहिलीच तर दोन ठिकाणीं राहते: वृद्धांच्या जिभेवर आणि जुन्या कागदांत. पहिलें ठिकाण दरवर्षीं ओस पडत चाललें आहे. दुसरें आपल्या हातीं आहे, आणि आम्हांस चिंता वाटते ती त्याचीच.

याच प्रसंगांतून गेलेल्या एका परदेशीय गांवाचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. इंग्लंडांत लेस्टर शहराच्या दक्षिणेस विग्स्टन मॅग्ना नांवाचें जुनें खेडें आहे. शहर वाढतां वाढतां त्याच्या अंगास जाऊन भिडलें आणि खेड्याचें उपनगर बनलें. तेथें कोणी मोठा उमराव वाडा बांधून राहत नव्हता. शेतकरी आणि पुढें पायमोजे विणणारे कारागीर यांचेंच तें गांव. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या पंडितानें अशा गांवाचा शेंकडों वर्षांचा इतिहास जुळविला आणि ‘द मिडलँड पेझंट’ या नांवानें इ. स. १९५७ मध्यें प्रसिद्ध केला. राजा नाहीं, लढाई नाहीं, तरी तो इतिहास लिहितां आला, याचें कारण गांवच्या सामान्य माणसांचे कागद गांवाजवळ आणि सरकारजवळ टिकले होते.

त्या टिकण्यामागें एक जुनी व्यवस्था आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, इ. स. १५३८ मध्यें, थॉमस क्रॉमवेल यानें असा हुकूम काढला कीं, प्रत्येक चर्चच्या हद्दींतील बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद एका वहींत करावी, आणि ती वही दोन कुलुपांच्या पेटींत ठेवावी. एक किल्ली धर्मोपदेशकाजवळ, दुसरी गांवकऱ्यांच्या बाजूनें चर्चची व्यवस्था पाहणाऱ्यांजवळ. दोघे एकत्र आल्याखेरीज पेटी उघडावयाची नाहीं! वही लिहिणारा धर्मोपदेशकच, परंतु ती त्याच्या एकट्याच्या मालकीची नव्हे, हें त्या दुसऱ्या किल्लीनें ठरविलें. त्या वहींत जमीनदाराच्या मुलाशेजारीं मजुराच्या मुलाचें नांव येतें. म्हणून आज तेथील मोलकरणीच्या पणतीसहि आपलें कूळ शोधतां येतें.

आपल्याकडे तशी वही नव्हती हें खरें. परंतु आपल्याकडे कुलकर्ण्याचें दप्तर होतें. बोरूनें, मोडी लिपींत लिहिलेले बंद आणि फर्दे, वर्षवार लावून, रुमालांत बांधून ठेविलेले. अशा दप्तरांत काय काय असे, हें आजच्या पिढीस ठाऊक नसतें म्हणून थोडक्यांत सांगतों. कोणत्या कुळाकडे किती जमीन, तिचा सारा किती, वसूल किती आणि बाकी किती, याचे कुळवार हिशेब, गांवच्या जमाखर्चाचे ताळेबंद, देवस्थानच्या व जत्रेच्या खर्चाच्या यादी, कर्जाचीं खतें, आणि वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिल्यास झालेले महजर व निवाडे. हे महजर तर विशेष वाचनीय. तंट्याच्या वेळीं गांव गोळा होई, साक्षी होत, आणि खालीं पाटलाच्या नांगरापासून एकेक बलुतेदार आपापल्या धंद्यांतील हत्याराची निशाणी उमटवी. अक्षर न येणारा मनुष्यहि तेथें स्वतःच्या खुणेनें उभा आहे. बलुत्यांची ही सबंध रचना कशी चाले, हें त्रिंबक नारायण आत्रे यांनीं इ. स. १९१५ च्या आपल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत सविस्तर दाखविलें आहे. दप्तर उघडण्यापूर्वीं तो ग्रंथ वाचणारास अर्धी वाट सोपी होते.

आतां मुख्य मुद्दा. दप्तर कुलकर्ण्याच्या वाड्यांत राहिलें, म्हणून तें कुलकर्ण्याचेंच झालें, असें आपण धरून चालतों. हा समज आम्हांस योग्य वाटत नाहीं. कुलकर्ण हें वतन होतें. लिहिण्याच्या कामाबद्दल गांव त्यास हक्क देई. म्हणजे लेखणी आपल्या पूर्वजांची, परंतु लिहवून घेणारें आणि त्याचा मोबदला देणारें गांव होतें. शाई ज्याच्या दौतींतली त्याची स्मृति, असा न्याय येथें लागू होत नाहीं. आपल्या पूर्वजांस अक्षर आलें, म्हणून त्यांचीं नांवें आपोआप टिकलीं. ज्यांस अक्षर शिकूं दिलें गेलें नाहीं, त्यांचीं नांवें टिकलीं असतील तर तीं आपल्याच पूर्वजांच्या अक्षरांत. तेव्हां आपण रुमाल फेंकून देतों, त्या वेळीं आपल्या एका घराचा नव्हे, तर गांवांतील पन्नास घरांचा एकमेव पुरावा फेंकतों.

हें बोलणें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट सांगतों. मराठवाड्यांतील एका खेड्यांत दोन भावांची वाटणी झाली. तांब्याचीं भांडीं वजन करून वांटलीं, पाटसुद्धां मोजले. जिन्याखालच्या नऊ रुमालांवर मात्र कोणींच हक्क सांगितला नाहीं. आठ रद्दीवाल्याकडे गेले. नववा धाकट्या सूनबाईंनीं ठेवून घेतला, तोहि वरचें कापड चांगलें होतें म्हणून. पुढें कांहीं वर्षांनीं एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनीं तो सोडला, तेव्हां त्यांत गांवकामाच्या मजुरीच्या यादी निघाल्या. कामाला आलेल्या माणसांचीं नांवें एकाखालीं एक, बहुतेकांपुढें बापाचें नांवहि. गांवांतील महार कुटुंबांतला एक शिक्षक ती यादी पाहावयास आला. आपल्या खापरपणज्याचें नांव त्यानें प्रथमच वाचलें, पुनः वाचवून घेतलें, आणि त्या कागदाची नक्कल मागितली. सूनबाईंनीं ती दिली. उरलेल्या आठ रुमालांत कोणाकोणाचे पणजे होते, हें विचारण्यास आतां जागा उरलेली नाहीं.

तेव्हां शोधास लागावें कसें? आमची पहिली सूचना अशी कीं, ठाऊक असलेल्यापासून मागें जावें. थोर पुरुषापासून खालीं येऊं नये. अमुक सरदार आपल्याच आडनांवाचा, म्हणून तो आपला पूर्वज, अशा समजुतीनें आरंभ केला कीं पुढला सर्व शोध ती समजूत जपण्यांत खर्च होतो. आपल्या बापापासून आरंभ करावा, एकेक पायरी पुराव्यानें चढावी, आणि पुरावा संपेल तेथें थांबावें. वहीच्या डाव्या पानावर ‘ऐकलेलें’ आणि उजव्या पानावर ‘कागदांत पाहिलेलें’ असे दोन भाग ठेवावे. डाव्याचा मजकूर उजव्यांत आधाराशिवाय नेऊं नये. गांवाच्या नांवाच्या बाबतींतहि हाच नियम. ‘गार’ म्हणजे थंड, ‘गार’ म्हणजे पावसांतली गार, आणि ‘गार’ म्हणजे चकमकीचा पांढरा दगडहि. यांपैकीं कोणता अर्थ गारखेड्याच्या नांवांत शिरला, याचा निकाल कल्पनेनें करूं नये. जो जसें सांगेल तें त्याच्या नांवानें डाव्या पानावर लिहावें.

दुसरी सूचना स्त्रियांविषयीं. तर्पणांत आजीपणजींचीं नांवें येतात तीं सासरचीं. लग्नांत नांव पालटलें, माहेरचें आडनांव मागें पडलें, आणि वंशवृक्षांत ती केवळ अमक्याची पत्नी म्हणून उरली. तिचें माहेर शोधावयाचें तर लग्नाच्या यादी, देण्याघेण्याचीं टिपणें, जुन्या पत्रिका आणि भाऊबीजेच्या निमित्तानें आलेलीं पत्रें पाहावीं. घरांतील वृद्ध स्त्रियांस जात्यावरच्या ओव्या म्हणावयास लावाव्या. त्यांत भावाचें नांव आणि माहेरचें गांव हमखास येतें. हें काम घरांतील मुलींकडे व सुनांकडे सोंपवावें असें आम्ही सुचवितों. पुरुषांस न सांगितलेलें पुष्कळ त्यांस सांगितलें जातें.

तिसरी अडचण लिपीची आणि कालगणनेची. मोडींत शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. परंतु नित्य अर्धा तास दिला तर कांहीं महिन्यांत नजर बसते. कालाचें कोडें थोडें अधिक. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींस ७९ मिळवावे. मराठी राज्याच्या कागदांत सुहूर सन येतो, आणि तो अंकांऐवजीं अरबी शब्दांनीं लिहितात. त्यांत ५९९ मिळवावे; इंग्रजी नवें वर्ष लागल्यापासून मृगापर्यंत ६००. एक उदाहरण घेऊं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. शके १६८२ पौष शुद्ध अष्टमीस पानिपतचा घोर संग्राम झाला तो याच सनांत, १४ जानेवारी १७६१ रोजीं. दोन्ही रीतींनीं हिशेब करून पाहा: १६८२ आणि ७९, किंवा ११६१ आणि ६००, बेरीज एकच येते. निजामी अमलांतील महसुली कागदांवर मात्र फसली सन आहे. त्यांत ५९० मिळविले म्हणजे वर्षाचा आरंभ ज्या इसवी सनांत होतो तो सांपडतो. हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें तो १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस फसली १३५७ मध्यें पडतो, कारण तें वर्ष ऑक्टोबर १९४७ मध्यें लागलें होतें.

घराबाहेर कोठें पाहावें, हेंहि सांगितलें पाहिजे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गांव आणि आडनांव सांगितलें कीं पूर्वीं येऊन गेलेल्या पुरुषांचे लेख त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत पाहावयास मिळतात. पणज्याचें अक्षर पाहून ज्याचे डोळे भरून येत नाहींत असा मनुष्य विरळा. पुण्यास पेशवे दफ्तर आहे, आणि इ. स. १९१० मध्यें स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या राजवाड्यांनीं खेडोपाडीं हिंडून रुमाल गोळा केले आणि इ. स. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडशः प्रसिद्ध केलीं, त्यांच्या मृत्यूनंतर लगेच, १९२७ मध्यें तें निघालें. मराठवाड्याच्या माणसानें हैदराबादेकडेहि दृष्टि ठेविली पाहिजे. शाहजहान व औरंगजेब यांच्या काळचे दक्षिणच्या कारभाराचे फारसी कागद तेथील सरकारी अभिलेखागारांत मोठ्या संख्येनें आहेत, आणि पुढील निजामी अमलाचे फारसी व उर्दू कागदहि. जिल्ह्याचें गॅझेटियर इ. स. १८८४ मध्यें निजाम सरकारच्या आज्ञेनें निघालें, आणि महाराष्ट्र शासनाचें इ. स. १९७७ मध्यें, दोन्ही शेजारीं ठेवून वाचावीं. जहागिरी इ. स. १९४९ मध्यें संपल्या. त्यानंतरच्या जमिनीची स्थिति समजण्यास १९५४-५५ चें खासरा पाहणीपत्रक हा मराठवाड्यांतील फार उपयोगी कागद आहे.

जुन्या कागदांचें हें काम फावल्या वेळाचा छंद आहे, असें म्हणणारांसाठीं एक अलीकडची गोष्ट. इ. स. २०२३ मध्यें राज्य शासनानें मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यास न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नावर कोणाचें मत काय असावें, हा या सदराचा विषय नव्हे. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं एका लेखकानें कंटाळत लिहिलेली एक ओळ आज दुसऱ्या एका घराच्या हक्कास आधार होऊं शकते, इतकें त्यावरून सर्वांस दिसलें. ती ओळ ज्या कागदावर असेल तो कागद कोणाच्या माळ्यावर कुजत पडूं द्यावा काय?

येथें एक अवघड गोष्टहि बोलली पाहिजे. दप्तर उघडलें म्हणजे त्यांतून केवळ दानपत्रें निघत नाहींत. वेठीची नोंद निघते, व्याजांत गेलेलें शेत निघतें, भाऊबंदकी निघते, तरुण विधवेच्या वांट्याचा तंटा निघतो. असे कागद मागें सारून उरलेल्यांचें सुंदर कुलवृत्त छापण्याचा मोह अनेकांस होतो. आम्हांस वाटतें कीं, पूर्वजांविषयींची भक्ति आणि सत्य यांत विरोध मानण्याचें कारण नाहीं. त्यांनीं स्वतःच्या हातानें तें लिहून ठेविलें. त्यांनीं लपविलें नाहीं तें आपण कां लपवावें? ज्या कुलवृत्तांत एकहि कर्ज नाहीं आणि एकहि भांडण नाहीं, त्यावर सुज्ञ वाचक विश्वास ठेवीत नाहीं.

म्हणून गारखेड्यासारख्या गांवीं ज्यांचे मूळ वाडे होते, आणि जे आज शहरांत, पुण्यामुंबईस किंवा परदेशीं आहेत, त्यांस आमची विनंति अशी. घर विकण्यापूर्वीं माळा, जिन्याखालचा कोनाडा आणि देवघरामागची पेटी पाहून घ्यावी. रुमाल सांपडल्यास त्याचा क्रम मोडूं नये. कोणत्या बंदाशेजारीं कोणता होता, हीहि एक माहितीच असते. कागद उन्हांत वाळवूं नयेत, चिकटपट्टी लावूं नये, घडीवर घडी घालूं नये. सावलींत, कोरड्या जागीं, स्वच्छ सुती कापडांत ठेवावे. आजकाल प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेण्याचें यंत्र आहे. एकेका पानाचें छायाचित्र अनुक्रमांक घालून घ्यावें. त्या छायाचित्रांचा एक संच घरीं ठेवावा आणि दुसरा गांवच्या वाचनालयास, शाळेस अथवा पुराभिलेख खात्यास द्यावा. मूळ कागद सांभाळणें होत नसेल तर तेहि योग्य संस्थेस देऊन पोंच घ्यावी.

त्या दुसऱ्या संचासच आम्ही दुसरी किल्ली म्हणतों. एक किल्ली आपल्याजवळ वंशपरंपरेनें आहेच. दुसरी गांवच्या हातीं दिली कीं आपलें कांहीं कमी होत नाहीं. उलट आपण न ओळखलेलीं नांवें ओळखणारा दुसरा कोणी पुढें येतो, आणि आपल्या पूर्वजांच्या अर्धवट ओळी पुऱ्या होतात. ज्या वाचकांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं या महिन्यांत निदान एक सोडून पाहावा, त्यांत आढळलेलीं सर्व घरांचीं नांवें एका वहींत उतरावीं, आणि ती वही गांवांतील वडील मंडळींस वाचून दाखवावी.